पोलिसांचं मन मोजायला किती खर्च येतो?

तुमच्यापैकी कित्येक जण सध्या पोलिस भरतीची तयारी करत असतील. तुम्ही नसाल तर तुमच्या वर्गातला एखादा, गल्लीतली एखादी, निदान मामाचा मुलगा तरी करत असेलच. बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, वाळूज गाव, कुठंही मोकळं मैदान असलं की पहाटे पाच-साडेपाचला तिथं पळणारी पोरं-पोरी दिसतात. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले जवळपास १७ लाख ७६ हजार. एका जागेमागं शंभर जण! मैदानी चाचणीला ५० गुण, लेखीला १००. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर, मग गोळाफेक. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर हवी आणि फुगवल्यावर त्यात पाचची भर पडायला हवी. सेंटिमीटर आणि सेकंदात एवढं सगळं मोजून घेणारं खातं पुढची तीस-पस्तीस वर्षं त्या माणसाच्या झोपेचं, चिडचिडीचं, खचण्याचं काय मोजतं, हा आजचा विषय आहे.

त्याला जोडून दुसरा, जरा कोरडा वाटणारा प्रश्न: हे मोजायचं ठरवलं तर सरकारी तिजोरीतून किती पैसे जातील? कोरडा म्हटलं खरं, पण मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. पोलिसांच्या ताणतणावावर बोलायला सगळेच तयार असतात. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन आला की व्याख्यान होतं, प्राणायाम होतो, ग्रुप फोटो निघतो. एखादी दुःखद बातमी आली की चार दिवस हळहळ चालते. पण 'यावर नीट अभ्यास करा आणि तो लोकांपुढं ठेवा' म्हटलं की विषय पुढं सरकत नाही. म्हणून पैशांपासूनच सुरुवात करू.

आधी आपल्या हातात काय आहे ते बघा. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा वार्षिक अहवाल काढतो. त्यात व्यवसायानुसार तक्ते असतात. शेतकरी, शेतमजूर, विद्यार्थी, गृहिणी, रोजंदारीवरचे, पगारदार. पगारदारांमध्ये 'राज्य सरकारी कर्मचारी' असा एक रकाना आहे आणि आपल्या ठाण्यातला पोलिस त्यात तलाठी, लिपिक, शिक्षक यांच्यासोबत मिसळून जातो. त्याचा वेगळा आकडा त्या तक्त्यात दिसत नाही. गंमत म्हणजे याच अहवालात केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांसाठी, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ वगैरेंसाठी, अख्खं वेगळं प्रकरण असतं. त्यांच्याबद्दल संसदेतही उत्तर आकड्यांत मिळतं: २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत या दलांमधल्या ६५४ जवानांनी आयुष्य संपवलं, त्यातले २३० सीआरपीएफचे आणि १७४ बीएसएफचे. आकडा भयानक आहे, पण निदान तो आहे. त्यावर खासदार प्रश्न विचारू शकतात, पत्रकार लिहू शकतात, खात्याला उत्तर द्यावं लागतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रानं यावर उपाय शोधायला एक कृती दलही नेमलं.

ठाण्यातल्या पोलिसाबद्दल असा आकडा मिळणं अवघड आहे का हो? मला तसं वाटत नाही, आणि याला पुरावा आपण सगळ्यांनी पाहिलाय. २०२० आठवा. तेव्हा तुम्ही शाळेत किंवा अकरावी-बारावीत, घरात अडकलेले. त्या काळात महाराष्ट्र पोलिस दल जवळपास रोज सांगत होतं की गेल्या २४ तासांत किती पोलिसांना कोरोना झाला, किती बरे झाले, किती गेले. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या ठाण्यांतून ती माहिती एका दिवसात गोळा व्हायची. त्या आकड्यांमुळंच वयस्कर पोलिसांना रस्त्यावरच्या ड्युटीतून बाजूला ठेवायला हवं, हे सगळ्यांना पटलं. म्हणजे मोजायची यंत्रणा आहे आणि मोजल्याचा उपयोगही होतो. ती फक्त तापासाठी वापरली गेली.

आता खर्च. पुढची आकडेमोड माझी आहे, सरकारी नाही, त्यामुळं तुम्हाला वाटलं तर खोडून काढा. समजा, आपल्या शहर पोलिस आयुक्तालयापुरता एक नीट अभ्यास करायचाय. पूर्णवेळ दोन संशोधक वर्षभर लागतील. यूजीसीच्या ज्युनिअर रिसर्च फेलोला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, तोच दर धरू. दोघांचे बारा महिन्यांचे होतात ८ लाख ८८ हजार. त्यात घरभाडं, प्रश्नावल्यांची छपाई, ठाण्याठाण्यात जायचा प्रवास, मानसोपचारतज्ज्ञांचं मानधन आणि आकडेतज्ज्ञ मिळवा, चला, १५ लाख. नव्या पोलिस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर्षाचे २ लाख ६० हजार चारशे. म्हणजे शहरापुरता हा अभ्यास सहा नव्या शिपायांच्या एका वर्षाच्या नुसत्या मूळ वेतनापेक्षाही स्वस्तात होतो. राज्यभर करायचा म्हणून याच्या दहापट, दीड कोटी धरले, आणि पोलिस दल सुमारे दोन लाखांचं धरलं, तर डोक्यामागं ७५ रुपये. दोन प्लेट पोहे आणि दोन कटिंग.

आणि माणसंही बाहेरून आणायला नकोत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे. घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे. एम.ए. करणाऱ्या पोरांना प्रबंधाला विषय हवेच असतात.

मग इतकं स्वस्त असून अडतं कुठं? यासाठी एक जुना अभ्यास बघावा लागेल. त्याआधी आपल्या पट्ट्यातला पोलिस कसा जगतो ते सांगते, नाहीतर आकडे हवेत राहतील.

वाळूज एमआयडीसीत कंपनीत काम करणारा माणूस शिफ्टवर जगतो. फर्स्ट, सेकंड, नाईट. घरी भाजी किती वाजता टाकायची हेसुद्धा शिफ्टवर ठरतं. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले, त्यावर काम करून घेतलं तर दुप्पट पैसे. प्रत्येक ठिकाणी हे पाळलं जातं असं नाही, कंत्राटी कामगाराला विचारा. पण कायदा आहे, आणि मोडला तर भांडायला युनियन आहे. त्याच कंपनीच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या पोलिसाला यातलं काहीच नाही. त्याची ड्युटी सुरू कधी होते ते माहीत असतं, संपते कधी ते नाही. दिवसभर तपास, कोर्टाची तारीख, समन्स. संध्याकाळी कुणाची मिरवणूक. रात्री महामार्गावर अपघात झाला तर तिथं पंचनामा, घाटीत शवविच्छेदनाला सोबत, नातेवाइकांचा आक्रोश. सकाळी पुन्हा हजेरी. आषाढीला छोट्या पंढरपुरात लाखोंची गर्दी होते तेव्हा आपण दर्शन घेऊन, फराळाचं खाऊन घरी येतो. बॅरिकेडपाशी उभा असलेला माणूस आदल्या रात्रीपासून तिथंच असतो. गणपती, नवरात्र, जयंत्या, निवडणुका, सगळ्यांना सुट्टी असते त्या प्रत्येक दिवशी त्याची रजा बंद.

९ ऑगस्ट २०१८ तुमच्यापैकी वाळूजच्या लोकांना आठवत असेल. मराठा आरक्षणासाठीच्या बंदच्या दिवशी इथं जमाव कंपन्यांमध्ये घुसला, तोडफोड झाली, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या. पुढचे कित्येक दिवस उद्योजक नुकसान मोजत होते. किती काचा, किती गाड्या, किती दिवस उत्पादन बंद. ते बरोबरच होतं, विम्याला आकडा लागतो. पण पंचनाम्याच्या कागदावर, त्या दिवशी दगडांसमोर उभ्या राहिलेल्या पंचविशीतल्या शिपायाला महिन्याभरानंतर झोप लागते का, याचा रकाना नसतो. त्याच वर्षी मे महिन्यात शहागंज-राजाबाजार भागातली दंगल, पुढं मार्च २०२३ मध्ये किराडपुरा. एकाच शहरातल्या एकाच दलानं पाच वर्षांत हे सगळं अंगावर घेतलंय. आपण 'पोलिस काय करत होते' एवढं विचारतो. विचारायलाच हवं. फक्त त्यानंतर पोलिसांचं काय झालं हेही विचारायला हवं.

ते स्वतः का सांगत नाहीत? कारण त्यांना संघटना नाही. १९६६ चा पोलिस दल (हक्कांवरील निर्बंध) कायदा पोलिसाला सरकारच्या परवानगीशिवाय कामगार संघटनेसारख्या संघटनेत जाऊ देत नाही, आणि पत्रकारांशी बोलण्यावरही बंधनं घालतो. महाराष्ट्रात एकेकाळी पोलिसांची संघटना होती. ऑगस्ट १९८२ मध्ये सरकारनं तिची मान्यता काढली, नेत्यांना पकडलं, १८ तारखेला मुंबईत पोलिसच रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. त्या दिवसाचं समर्थन कुणीच करणार नाही. हत्यारबंद दलानं संप करणं म्हणजे काय हे मुंबईनं पाहिलं. पण त्यानंतर हवालदाराचं म्हणणं सामूहिकपणे वर पोचवायचा रस्ताही बंद झाला. शिक्षक मोर्चा काढतात, एसटीवाले संप करतात, निवासी डॉक्टर काळ्या फिती लावतात. पोलिस काय करणार? त्या मोर्चाच्या बंदोबस्ताला जाणार.

म्हणून मी अभ्यासावर एवढा जोर देतेय. इतर खात्यांत सर्व्हे हा एक सरकारी सोपस्कार असतो. पोलिसांच्या बाबतीत, नाव न सांगता भरलेली प्रश्नावली हा हजारो लोकांना एकत्र बोलता येण्याचा जवळपास एकमेव कायदेशीर मार्ग आहे.

आता तो जुना अभ्यास. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोलिस संशोधन आणि विकास ब्युरोनं हैदराबादच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजकडून एक देशव्यापी पाहणी करून घेतली. २०१४ मध्ये तिचा अहवाल आला. विषय होता, ठाण्यांमध्ये आठ तासांची पाळी आणायची तर किती माणसं लागतील. निष्कर्ष असे: ठाण्यांतले जवळपास ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात. ठाणे प्रभारींपैकी ६८ टक्क्यांहून अधिक म्हणाले की आमची माणसं ११ तास किंवा त्याहून जास्त राबतात, आणि जवळपास २८ टक्के म्हणाले, १४ तासांच्याही वर. ७३.६ टक्के प्रभारींनी सांगितलं की कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. हे संघटनेच्या पत्रकातलं नाही, साहेब लोकांनीच दिलेलं उत्तर आहे. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २१ राज्यांत पोलिसांशी बोलून अहवाल काढला, त्यातही सरासरी रोजचे १४ तास निघाले. चारातल्या तिघांनी सांगितलं की कामाच्या ओझ्याचा शरीरावर आणि मनावर परिणाम होतोय.

२०१४ च्या अहवालानं उपायही सांगितला होता: मंजूर संख्याबळ साधारण १.६८ पट करा. म्हणजे जिथं शंभर पदं आहेत तिथं १६८.

अडतं ते इथं. अभ्यास स्वस्त असतो, पण त्याच्या शेवटच्या पानावर बिल असतं. ६८ टक्के जादा पदं म्हणजे पगार, पेन्शन, क्वार्टर, सगळं आलं. ज्या सरकारला ते बिल भरायचं नसतं त्याला अभ्यासच नको असतो. डोक्यामागं ७५ रुपये वाचवायचे म्हणून कुणी गप्प बसत नाही, उत्तर माहीत आहे म्हणून गप्प बसतात. हे मी कुठल्या एका पक्षाबद्दल बोलत नाहीये. २०१४ पासून राज्यात सगळे आळीपाळीनं येऊन गेलेत.

पण बिल दरवेळी तेवढं मोठं असतंच असंही नाही, आणि त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मुंबईत देवनार ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्यानं आठ तासांच्या पाळ्यांचं वेळापत्रक स्वतः कागदावर मांडलं. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते टोपलीत टाकलं नाही. मे २०१६ मध्ये देवनारमध्येच प्रयोग सुरू केला. मुख्यतः आहे तीच माणसं, फक्त त्यांची मांडणी बदलली. लोकांना घरी जाऊन झोपता यायला लागलं, पोरांच्या शाळेत जाता यायला लागलं. मग एकेक ठाणं करत जानेवारी २०१८ पर्यंत ही पद्धत मुंबईच्या सगळ्या ९३ ठाण्यांत नेली. म्हणजे कुठला मोठा आयोग नाही, परदेश दौरा नाही. एका माणसाचं निरीक्षण, एका ठाण्यात करून बघणं, मग पुढं जाणं. अभ्यास म्हणतात तो हाच. पुढं कोविडनं ते वेळापत्रक विस्कटलं. सप्टेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे पोलिस महासंचालक संजय पांडे यांनी महिला पोलिसांची ड्युटी बारावरून आठ तासांवर आणायचा आदेश काढला. चांगली गोष्ट. पण आदेश आणि आयुक्त बदलले की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, कारण त्याचा फायदा-तोटा आकड्यांत लिहून लोकांपुढं ठेवलेला नसतो. नवा अधिकारी आला की त्याला 'हे चालू ठेवा' म्हणायला पुरावा लागतो.

इथं तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, 'अगं पण अभ्यास कशाला? सगळं माहीतच आहे ना? तेवढ्या पैशांत दोन समुपदेशक नेमा.' हा मुद्दा मी हलक्यात घेणार नाही. आपल्याकडं काम टाळायचं असलं की समिती नेमतात, हे आपण लहानपणापासून बघतोय. पण नुसता समुपदेशक नेमून काय होतं त्याचा विचार करा. त्याची खोली असणार आयुक्त कार्यालयात किंवा मुख्यालयात. वाळूजच्या हवालदारानं तिथं जायचं म्हणजे आधी साहेबांना सांगून सुटायचं, नगर नाक्याची गर्दी पार करायची आणि त्या खोलीबाहेरच्या बाकावर ओळखीच्या चार लोकांसमोर बसायचं. दुसऱ्या दिवशी ठाण्यात चर्चा: 'याचं काहीतरी बिघडलंय'. मग हत्यार काढून घेतील का, साईड पोस्टिंगला टाकतील का, प्रमोशनच्या वेळी कुणी आठवण काढेल का. तो जाणारच नाही. सहा महिन्यांनी फाईलवर शेरा पडेल: प्रतिसाद अल्प, योजना बंद. पैसे गेले ते गेले, आणि वर 'पोलिसांनाच नको होतं' हा शिक्का. लोक का येत नाहीत, कुठं आले असते, बायको-नवऱ्यामार्फत मदत पोचली असती का, हे आधी विचारलं असतं तर तेच दोन समुपदेशक उपयोगी पडले असते.

यात कायदा पोलिसाच्या बाजूनं आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ नं उपचार मिळण्याचा हक्क दिला, कलम २३ नं ती माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला. हे हक्क खाकी घातल्यावर गळून पडत नाहीत. पण कागदावरची गोपनीयता आणि ठाण्यातली गोपनीयता यात फरक आहे, म्हणून अभ्यास खात्यानं स्वतः करू नये असं माझं मत आहे. साहेबांनी हजेरीच्या वेळी वाटलेला फॉर्म कोण खरा भरेल? विद्यापीठानं करावा, नाव-बक्कल नंबर घेऊ नये, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे मंजूर करतानाच ठरवावं की अहवाल अमुक तारखेला वेबसाइटवर येईल. कपाटात जाणाऱ्या अभ्यासाला माझा पाठिंबा नाही. तसला अभ्यास १५ लाखांचा असो की १५ रुपयांचा, महागच आहे.

अभ्यासानं जे दाखवलं त्यावर उपचार कुठं, हाही प्रश्न आहेच. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला चारातलं एकही नाही. सगळा भार घाटीवर आणि ज्यांना परवडतात त्यांच्यासाठी खासगी डॉक्टरांवर. तोवर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फोन फुकट, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. पोलिस असो, पोलिसाची मुलगी असो, भरतीत दोन गुणांनी राहिलेला असो, कुणीही लावू शकतं. तुमच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कुणाला कधी द्यावा लागेल सांगता येत नाही.

अमेरिकेनं हे कसं केलं ते थोडक्यात सांगते, कारण तिथं पैशाचा प्रश्न लपवलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये तिथं पोलिसांच्या मानसिक आरोग्याबाबतचा कायदा झाला. त्यानं सरकारला सांगितलं की सध्या कुठल्या सेवा आहेत, कुठल्या चालतात, याचा अभ्यास करून संसदेला अहवाल द्या. तिथल्या पद्धतीप्रमाणे समितीनं मंजूर केलेल्या विधेयकाचा सरकारी खर्च किती येईल याचा अंदाज काँग्रेसचं बजेट ऑफिस आधी काढतं आणि तो कुणालाही वाचता येतो. २०१९ मध्ये अहवाल आला, सोबत अकरा पोलिस दलांमध्ये काय चालू आहे याच्या सविस्तर नोंदीही. २०२० मध्ये दुसरा कायदा झाला, पोलिसांच्या आत्महत्यांची माहिती एफबीआयनं गोळा करावी म्हणून, आणि २०२२ पासून ते काम सुरू झालं. माहिती देणं ऐच्छिक असल्यानं सगळी दलं ती देत नाहीत. म्हणजे तिथंही सगळं आलबेल नाही. पण क्रम बघण्यासारखा आहे: किती खर्च येईल ते आधी सांगितलं, मग अभ्यास, मग मोजणी.

एक काळजी घ्यायला हवी, आणि ती इथंच बोलून टाकते. 'पोलिस तणावात असतात' हे वाक्य उद्या कुणी कोठडीतल्या मारहाणीसाठी किंवा रस्त्यावर एखाद्या गरिबाला दिलेल्या शिवीसाठी ढाल म्हणून वापरेल. ते चालणार नाही. जुलै २०२३ मध्ये जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये आरपीएफच्या एका शिपायानं आपल्या वरिष्ठासह चौघांना गोळ्या घातल्या, तेव्हा लगेच त्याच्या मानसिक स्थितीची चर्चा सुरू झाली आणि कुणाला निवडून मारलं हा प्रश्न मागं पडायला लागला. ताण हे कारण असू शकतं, माफी नाही. उलट नीट अभ्यास झाला तर हे दोन वेगळे करता येतात. बहुसंख्य पोलिस ताणात असूनही कुणावर हात उचलत नाहीत, हेही त्यातूनच दिसेल.

११ मे २०१८ ला हिमांशू रॉय गेले. एटीएसचे माजी प्रमुख, राज्यभर नाव असलेला अधिकारी, कर्करोगाशी झुंजत होता. त्यांच्या जाण्यावर पानंच्या पानं लिहून आली. त्याच रात्री आपल्या शहरात दंगल पेटली आणि इथली पोलिसांची एक अख्खी पिढी त्या रात्री रस्त्यावर होती. त्यातले बरेच जण आजही याच आयुक्तालयात असतील, कुणी वाळूजला, कुणी सिडकोला. त्यांच्याबद्दल कुठलंच पान लिहिलं गेलेलं नाही, आणि त्यासाठी कुणी मरायची वाट बघायला नको.

तुम्ही काय करू शकता? माहिती अधिकाराचा अर्ज. फी १० रुपये, महाराष्ट्रात कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, ऑनलाइनही करता येतो. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, त्यामुळं पाल्हाळ नको. पत्ता: जन माहिती अधिकारी, पोलिस आयुक्त कार्यालय, छत्रपती संभाजीनगर. एका अर्जात विचारा: गेल्या पाच कॅलेंडर वर्षांत सेवेत असताना मृत्यू झालेल्या पोलिसांची वर्षवार आणि पदवार संख्या, आजार, अपघात आणि आत्महत्या असं वर्गीकरण करून. नावं मागू नका, घरच्यांना त्रास होतो आणि अर्जही त्यावरच फेटाळला जाईल. दुसऱ्या अर्जात: याच काळात मानसिक आरोग्यावर काही अभ्यास झाला का, कुणी केला, किती पैसे खर्च झाले, अहवालाची प्रत. तिसऱ्यात: गेल्या वर्षी वाळूज आणि एमआयडीसी वाळूज ठाण्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या देय साप्ताहिक सुट्ट्या किती होत्या आणि त्यांनी प्रत्यक्षात घेतल्या किती. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. उत्तर आलं, किंवा 'माहिती उपलब्ध नाही' असं आलं, तरी त्याची प्रत या पानाकडं पाठवा. दोन्ही आम्हाला छापायचंय.